छोटी पण दमदार टॉर्च: सीआर१२३ए की १८६५०?

दोन टॉर्च शेजारी ठेवल्या तर आकारात फारसा फरक दिसत नाही. खरा फरक आत, सेलमध्ये आहे.

सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल. चार्ज होत नाही, संपला की फेकायचा. पण दहा वर्षं पडून राहिला तरी बहुतेक ताकद टिकून असते आणि शून्याखाली तीस-चाळीस अंशांतही तो साथ देतो. चौकीवर किंवा विमानातल्या आणीबाणीच्या पिशवीत महिनोन्‌महिने टॉर्चला कुणी हातही लावत नाही. तिथे माझं मत यालाच. दोन सेल एकामागोमाग घालताना मात्र एक नवा, एक जुना असं कधीही करू नका. तापून फुटू शकतात.

१८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. रोज वापर असेल तर हाच परवडतो, शेकडो वेळा चार्ज होतो. गोठणाऱ्या थंडीत मात्र चार्जिंगला लावायचा नाही.

कॉकपिटसाठी ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा बाजूला ठेवा, मंद उजेड किती मंद होतो ते बघा. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. एक पांढरा झोत, की सगळं मुसळ केरात. लाल दिवा बरा, फक्त त्यात नकाशावरच्या लाल रेघा गायब होतात!