डोअरबेल कॅमेरा, वर्षभरानंतर: चित्राचं सोडा, माईकचं बोला

फुकट क्लाउडची मुदत संपली, प्लॅन घ्या असा मेसेज आला आणि जुन्या क्लिपा गायब झाल्या. दाराशी आत्ता कोण उभं आहे ते अजून दिसतं; काल दुपारी कोण येऊन गेलं ते बघायला मात्र दरमहा पैसे मोजायचे. या निमित्ताने ही उजळणी. डोअरबेल बॅटरीवाली, रुंद कोनाची. कंपनीचं नाव सांगून काही साधत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेकांची रचना सारखीच असते. चित्र चांगलं, बॅटरी ठीक. तक्रार आहे ती माईकची.

फ्लॅटमध्ये समोरासमोरची दारं पाच-सहा फुटांवर असतात. १६० अंशांच्या लेन्समध्ये समोरच्यांचा चपलांचा स्टँड तर येतोच, दार उघडलं की हॉलचा तुकडाही येतो. चित्रापुरता यावर इलाज आहे, पण मोशन झोन आणि प्रायव्हसी झोन यांची गल्लत करू नका. मोशन झोनमधून एखादा भाग वगळला तर तिथल्या हालचालीची सूचना येत नाही, इतकंच. दुसऱ्या कशाने रेकॉर्डिंग सुरू झालं की तो भाग चित्रात असतोच. प्रायव्हसी झोन तेवढा भाग काळा करतो. खात्री करायची तर क्लिप डाउनलोड करून फोनच्या गॅलरीत बघा, अ‍ॅपमधल्या प्लेअरवर विसंबू नका. ही सोय नसेल तर डोअरबेलच्या मागे पाचर बसवून ती समोरच्या दारापासून फिरवा.

आवाजाला असा काळा पट्टा मारता येत नाही. लिफ्टची वाट पाहणाऱ्यांच्या गप्पा, शेजाऱ्यांचे फोन, कुणाच्या घरातला वाद, सगळं त्या क्लिपमध्ये जातं आणि मालकाच्या ते गावीही नसतं, कारण सूचनेच्या थंबनेलमध्ये, म्हणजे छोट्या चित्रात, आवाज दिसत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड काउंटी कोर्टाने २०२१ साली शेजाऱ्यांच्या अशाच एका खटल्यात आवाज टिपण्याचा पल्ला चित्राच्या पल्ल्याहून कितीतरी जास्त आणि अवाजवी असल्याचं म्हटलं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती वापराला लागू होत नाही. त्यामुळे समोरच्या काकू त्या कायद्याकडे नाही, थेट सोसायटीच्या कमिटीकडे जातील. आणि त्यांचं बरोबरच असेल.

तेव्हा सेटिंगमध्ये ऑडिओ रेकॉर्डिंग बंद करा, मग तपासा. एक क्लिप कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये उघडून कंट्रोल आणि जे दाबा. कोडेकच्या माहितीत फक्त व्हिडिओचा प्रवाह दिसला तर काम झालं. ऑडिओचाही दिसला तर तो मुका आहे का, हे दारात टाळी वाजवून नवी क्लिप काढूनच कळेल. काही मॉडेलमध्ये माईक बंद केला की कुरिअरवाल्याशी बोलण्याची सोयही जाते. जाऊ दे. माईकच्या भोकावर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने आवाज दबतो, जात नाही.

‘आमच्याकडे सगळं सुरक्षित’ हे कंपनीचं वाक्य तसंही पुरेसं नसतं. कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये रिंग या डोअरबेल कंपनीवर कारवाई केली आणि ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. रिंगने २०२१ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (क्लिप कंपनीलाही उघडता येत नाही असं कुलूप) दिलं, पण ते आपणहून चालू करावं लागतं आणि केलं की काही सोयी बंद पडतात. ‘सगळं घरातच साठतं’ अशी जाहिरात करणाऱ्या युफी या कंपनीच्या कॅमेऱ्यांची थंबनेल क्लाउडवर जात असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं.

इथे मत बदललं ते सांगतो. क्लाउड नको तर मेमरी कार्डवाली घ्या, विषय संपला, असं सुरुवातीला वाटत होतं. पण ते कार्ड डोअरबेलच्या आत, म्हणजे दाराबाहेर! एक पिन किंवा एक स्क्रू काढला की कॅमेरा, पुरावा आणि तुमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सगळ्या क्लिपा एकदम चोराच्या खिशात. साठवण घराच्या आतच हवी: डोअरबेलसोबतचा हब, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) किंवा जुना मिनी पीसी. जागाही फार लागत नाही. १ एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण १०.८ जीबी होतात, म्हणजे हबमधल्या १२८ जीबी कार्डावर अकरा दिवस. कार्ड हाय एन्ड्युरन्सचंच घ्या. साधं कार्ड सततच्या लेखनाने लवकर मरतं.

बंगला किंवा रो-हाउस असेल तर पीओई डोअरबेल घ्या. एका कॅट-६ वायरीतून वीज आणि डेटा दोन्ही जातात. खोक्यावर आरटीएसपी किंवा ओएनव्हीआयएफ लिहिलेलं हवं, म्हणजे कंपनीच्या अ‍ॅपशिवायही चित्र घेता येतं. बॅटरीवाल्या डोअरबेल झोपून राहतात, म्हणून बहुतेकींत हे नसतं. मिनी पीसीवर फ्रिगेट हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका आणि राउटरमध्ये त्या कॅमेऱ्याचं इंटरनेट बंद करा. दोन गोष्टी बिघडतात: कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू सरकतं, त्यासाठी घरातल्या घरात एनटीपी (वेळ जुळवून देणारा) सर्व्हर लागतो, आणि काही कॅमेरे कंपनीचा सर्व्हर सापडला नाही की स्वतःच रीस्टार्ट होत राहतात. बाहेरून बघायला पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे राउटरमधून कॅमेऱ्यापर्यंत इंटरनेटला उघडी वाट, कधीच नको. अनेक ब्रॉडबँडवाले सीजीनॅट (अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) देत असल्याने ते चालतही नाही. टेलस्केल हे फोन आणि घर खासगी जोडणीने जोडणारं अ‍ॅप चालतं.

परदेशी तारवाली डोअरबेल मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्या सहसा १६ ते २४ व्होल्ट एसीवर चालतात. आपल्या डिंगडाँगच्या तारांत २३० व्होल्ट असतात. मध्ये योग्य ट्रान्सफॉर्मर हवा आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.

फ्लॅटसाठी मात्र आता माझा कौल साध्या व्हिडिओ डोअर फोनला: फोर-कोअर वायर, आत सात इंची स्क्रीन, वायफाय नसलेलं मॉडेल. बटण दाबलं की कॅमेरा जागा होतो, दाबलं नाही तर गप्प. घरी नसताना कोण आलं ते कळणार नाही, हा तोटा आहे आणि तो चालतो. कॅमेरा सेफ्टी डोअरच्या जाळीमागे बसवू नका. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रकाश जाळीवरून परततो आणि पडदा पांढरा होतो.

जुनी डोअरबेल विकायची असेल तर आधी अ‍ॅपमधून क्लाउडवरच्या क्लिपा पुसा, मग ती खात्यातून काढा, शेवटी रीसेट करा. क्रम उलटा केला तर डोअरबेल कोरी होते, क्लिपा कंपनीकडे राहू शकतात.