गाडी चांगली, मॉडेल बंद: वापरानंतरचा अनुभव

कंपनीने हे मॉडेल बंद केल्याचं जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात माझ्या गाडीची स्क्रीन काळी पडली. निव्वळ योगायोग, पण लिहायला बसायला तेवढं कारण पुरे.

इंजिन, मायलेज, एअरबॅग हे सगळं तुम्ही वाचलेलंच असणार. थोडक्यात सांगतो: इंजिन शांत, सस्पेन्शन खड्डे मुकाट गिळतं, मागच्या सीटवर तीन मोठी माणसं खरोखर बसतात. चालवायला तिच्या वर्गातल्या बाकी गाड्यांपेक्षा ही उजवी. तरी खपली नाही. माझा सगळा राग एका गोल नॉबवर आहे, जो या गाडीत नाही.

एसी पूर्ण टचस्क्रीनवर. भर पावसात, रात्री, काच आतून धुरकट होते. उपाय साधा: एसी लावून हवेतला ओलावा काढायचा आणि झोत समोरच्या काचेवर सोडायचा. जुन्या गाडीत हात न बघता तिकडे जायचा. इथे आधी नकाशा बाजूला सारा, मग पंख्याचं चिन्ह शोधा, मग खालची पट्टी, मग नखाएवढं काचेचं चित्र. बोट ओलं असेल तर स्क्रीन दाद देत नाही, आणि खड्डा आला की बोट शेजारच्या चित्रावर पडून सीट तापायला लागते. काच धुरकट ती धुरकटच, वर बूड भाजतंय.

शोरूममध्ये यातलं काही कळत नाही. उभ्या गाडीत, कोरड्या बोटाने सगळं लोण्यासारखं सरकतं. लॉन्चच्या वेळी परीक्षण लिहिणाऱ्यांनाही गाडी फार वेळ मिळत नाही. कंपनीला तर स्क्रीन परवडतेच: वेगळी बटणं, त्यांचे साचे, त्यांच्या वायरी, सगळंच वाचतं. 2022 मध्ये ‘वी बिलॅगरे’ या स्वीडिश मासिकाने 11 नव्या गाड्या 2005 च्या व्होल्वो व्ही70 शेजारी उभ्या केल्या आणि ताशी 110 किलोमीटर वेगात रोजचीच चार कामं करायला लावली. बटणांच्या जुन्या व्होल्वोने ती 10 सेकंदांत उरकली. सर्वात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आर ला 44.9 सेकंद लागले, म्हणजे तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेली.

हे खूळ नवं नाही. फोर्डने 1957 मध्ये एडसेल आणली, तिच्यात गिअरची बटणं स्टिअरिंगच्या मधोमध. जिथे हात हॉर्नसाठी जातो, नेमकं तिथेच गिअर! पुढच्याच मॉडेल-वर्षी ती सोय गुपचूप काढून टाकली, आणि 1959 संपायच्या आत अख्खी एडसेलच गेली.

मध्यंतरी आमच्या गाडीला सॉफ्टवेअर अपडेट आलं. काच साफ करायचा शॉर्टकट पहिल्याच पानावर आला आणि माझा राग निम्म्यावर उतरला. मग प्रश्न पडला की नुसत्या एका नॉबपायी अख्खं मॉडेल बसतं का? एडसेलचंच बघा. तिची आखणी झाली तेव्हा मधल्या किमतीच्या गाड्या जोरात होत्या, ती शोरूमला पोचली तोवर अमेरिकेत मंदी आली. गाडी आखायला काही वर्षं जातात आणि बाजार तेवढा थांबत नाही. त्यात सुरुवातीच्या गाड्या कारखान्यातून अर्धवट जुळवून बाहेर पडल्या, म्हणजे नाव आधीच खराब.

आणि एकदा नाव पडलं की गाडी कशी आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. पाँटिॲक ॲझटेक दिसायला बेढब म्हणून जगभर टिंगल झाली. 2001 च्या मॉडेलपासून 2005 पर्यंत कशीबशी टिकली, पण ज्यांनी घेतली त्यातले बरेच जण खूश होते. नॅनो 2009 मध्ये रस्त्यावर आली, 2018 मध्ये उत्पादन थांबलं. सुरुवातीला काही गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या, आणि ‘सर्वात स्वस्त’ हा शिक्का कंपनीनेच जाहिरातीत वापरला हे दुर्दैवी होतं, असं रतन टाटा स्वतः नंतर म्हणाले. गाडी घेणारा गेटसमोर काय उभं दिसेल याचाही विचार करतो, त्याला कोण काय करणार?

आमच्या मॉडेलचंही तेच झालं. पहिल्या काही महिन्यांत खप कमी, मग सवलत, मग ‘सवलत देतायत म्हणजे काहीतरी गडबड आहे’ ही कुजबुज. विक्रेता गिऱ्हाइकाला दुसरीच गाडी दाखवायला लागला. लोक रीसेलला घाबरून घेईनात, आणि कोणी घेईना म्हणून रीसेल आणखी पडला.

आता स्क्रीनचं. स्क्रीन गेली की एसीही गेला, कारण दुसरं बटणच नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, आतला बोर्ड सुटा मिळत नाही, पूर्ण युनिट बदलावं लागेल. आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. वॉरंटी आहे म्हटल्यावर उत्तर आलं, “सर, टचमध्ये पाणी गेलंय, ते वॉरंटीत बसत नाही.” छतातून गळती नाही, कोणी पाणी सांडलेलं नाही. मी म्हटलं, हेच लेटरहेडवर लिहून सही करून द्या. लिहून मिळालं नाही, पण दुसऱ्या दिवशी वॉरंटी मंजूर झाल्याचा फोन आला! पार्ट यायला मात्र बराच काळ गेला. रोज एकच पालुपद: “मॉडेल बंद झालंय ना, सर.” तोवर काचा खाली करून, डॅशबोर्डवर फडकं ठेवून गाडी चालवली.

नवं युनिट बसलंय, नीट चालतंय. गाडी विकायला काढणार नाही, कारण सध्या तिला जो भाव सांगतात त्यात विकण्यापेक्षा ती झिजेपर्यंत चालवणं स्वस्त. पण हाच भाव जुनी गाडी शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. वॉरंटी शिल्लक असलेली मिळाली तर जरूर बघा. ट्रायल रात्री घ्या, बोट ओलं करून स्क्रीनवरून काचेचा झोत लावून बघा, आणि अपडेट झालंय की नाही ते मालकाच्या शब्दावर न सोडता सेटिंगमध्ये जाऊन तपासा.