बीएलकेट्रेस : रिक्वेस्ट नेमकी कुठे रेंगाळते?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरची देखभाल मी करतो. महिनाअखेरीस बिलांचे काम वाढले की सर्व्हर मंदावतो, आणि दोष डिस्कचा की डेटाबेसचा हा वाद डिस्कच्या कामाचे आकडे देणाऱ्या 'आयओस्टॅट'मधील सरासरी आकड्यांवरून मिटत नाही. त्यासाठी वापरलेल्या, डिस्ककडे जाणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टचा (वाचन-लेखनाच्या मागणीचा) माग नोंदवणाऱ्या 'बीएलकेट्रेस' या मोफत साधनाचे हे परीक्षण.

लिनक्सच्या ब्लॉक स्तराचे (डिस्कवरची वाचन-लेखने हाताळणाऱ्या भागाचे) प्रमुख देखभालकर्ते येन्स ॲक्सबो यांनी ते लिहिले आणि २००६ साली २.६.१७ या आवृत्तीपासून त्याचा आधार कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आला. रिक्वेस्ट ब्लॉक स्तरात आली की 'क्यू', शेड्युलरच्या (रिक्वेस्टचा क्रम ठरवणाऱ्या भागाच्या) रांगेत गेली की 'आय', ड्रायव्हरकडे (डिस्कशी बोलणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवली की 'डी' आणि पूर्ण झाली की 'सी' अशी नोंद नॅनोसेकंदापर्यंतच्या वेळेसह होते. सोबतचा 'बीटीटी' प्रोग्राम या नोंदींमधील अंतरे मोजून देतो. आमच्याकडे बराचसा वेळ 'डी'च्या आधीच जात होता, कारण त्याच सुमारास चालणाऱ्या बॅकअपने रांग भरून टाकली होती. डिस्क बदलण्याचा खर्च त्यामुळे टळला.

मात्र 'सी' ही नोंद जपून वाचावी लागते. डिस्कने काम संपवल्यावर इंटरप्ट (प्रोसेसरला इशारा) येतो, साटा या जोडणीच्या डिस्कच्या बाबतीत पुढचे काम बहुधा सॉफ्टआयआरक्यूकडे (इंटरप्टनंतरची कामे थोडी पुढे ढकलून करणाऱ्या कर्नलमधील यंत्रणेकडे) जाते आणि त्यानंतर ब्लॉक स्तर रिक्वेस्ट पूर्ण झाल्याचे नोंदवतो. म्हणजे 'डी' ते 'सी' या अंतरात डिस्कच्या वेळेबरोबर प्रोसेसरवर झालेला विलंबही मिसळलेला असतो. शिवाय साटा डिस्क एनसीक्यू या स्वतःच्या रांगेमुळे एका वेळी ३२ पर्यंत रिक्वेस्ट स्वतःकडे घेऊ शकते, म्हणजे 'डी'नंतरही रिक्वेस्टला इतरांमागे थांबावे लागू शकते. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या) डिस्कला एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, हे लक्षात घेतले तर मोठे अंतर दिसताच डिस्क खराब ठरवणे किती घाईचे आहे हे कळते. एकच रिक्वेस्ट तुकड्यांनी पूर्ण झाल्यास 'सी' एकाहून अधिक वेळा उमटते. त्या ओळीतील प्रोसेस क्रमांकही फसवा असतो, कारण तो रिक्वेस्ट पाठवणाऱ्याचा असेलच असे नाही. पूर्तता नोंदवली गेली त्या क्षणी प्रोसेसरवर जे चालू होते त्याचा तो असतो. ही गोष्ट नोंदी वाचता येतील अशा छापणाऱ्या 'बीएलकेपार्स'ने छापील ओळीतच सुचवायला हवी होती.

एकूणच त्याचे आउटपुट रूक्ष आहे आणि नवख्याला पहिल्या भेटीत त्यातून फारसे काही उमगत नाही. दिवसभराच्या देखरेखीसाठी मी ईबीपीएफवर (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याच्या सोयीवर) आधारलेले 'बायोलेटन्सी' पसंत करतो, कारण ते कर्नलमध्येच हिस्टोग्राम (किती रिक्वेस्टना किती वेळ लागला याचा तक्ता) बनवते आणि नोंदींचा ढीग साठवत नाही; पण एखाद्या विशिष्ट रिक्वेस्टचा माग काढायचा तर बीएलकेट्रेसच हाती घ्यावे.

नोंदी तपासल्या जाणाऱ्या डिस्कवरच लिहू नयेत, अन्यथा साधनाची स्वतःची लेखनेही त्याच मापात शिरतात. नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची सोय त्यात आहे. भार जास्त असताना काही नोंदी गळाल्याचा इशारा शेवटी आला, तर ५१२ केबीचे मूळ बफर (नोंदी तात्पुरत्या ठेवण्याची मेमरीतील जागा) वाढवून मोजणी पुन्हा करावी.