रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० (जे-सिरीज इंजिन): फक्त व्हायब्रेशनबद्दलचा रिव्ह्यू

मायलेज, पिकअप, रंग, आवाज यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, ते सगळं सोडून मी फक्त व्हायब्रेशनबद्दल लिहितोय कारण मी गाडी घेतली ती त्याच एका गोष्टीसाठी. आधीची माझी गाडी पण सिंगल सिलिंडरच, पण बॅलन्सर (इंजिनाची थरथर कमी करणारं फिरतं वजन) नसलेली, आणि पुण्याहून कोल्हापूरला गावी जायचं म्हटलं की साताऱ्याच्या पुढे उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, मग गाडी बाजूला घ्या, हात झटका, चहा प्या आणि परत निघा. आरशात मागचा ट्रक म्हणजे नुसता थरथरणारा डाग.

आता ही गाडी. रॉयल एनफिल्डचं हे ३४९ सीसीचं जे-सिरीज इंजिन आधी नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्याच मीटिअर या गाडीला आलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये क्लासिकला. जुन्या क्लासिकचं इंजिन (त्याला यूसीई म्हणायचे) ३४६ सीसीचं होतं. कागदावर बघितलं तर पॉवर दोन्हीकडे २० बीएचपीच्या आसपास, टॉर्क तर उलट २८ चा २७ न्यूटन मीटर झाला, म्हणून बरेच जण विचारतात की मग नवीन काय दिलं? दिलं ते आतमध्ये आहे. बॅलन्सर शाफ्ट दिला, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९० वरून ८५.८ मिलीमीटर केला, आणि चेसीला पुढे एक नळी होती तिथे दोन आल्या.

बॅलन्सर काय करतो ते समजून घ्या, म्हणजे टेस्ट राइडला काय तपासायचं ते कळेल. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, परत थांबतो, आणि प्रत्येक वेळी इंजिनाला वर-खाली झटका देतो. तो मारायला, म्हणजे रद्द करायला, क्रँकवर (पिस्टनच्या जोरावर गोल फिरणारा दांडा) उलट बाजूला वजन ठेवतात, पण क्रँक गोल फिरतो, त्यामुळे वर-खालीचा झटका पूर्ण मारायला जाल तर तेवढाच झटका पुढे-मागे सुरू होतो. म्हणून साधारण निम्माच मारतात आणि उरलेला आपल्या हाता-पायाच्या वाट्याला येतो. बॅलन्सर शाफ्ट म्हणजे क्रँकच्याच स्पीडने पण उलट दिशेने फिरणारं दुसरं वजन, ते हा उरलेला झटका खाऊन टाकतं. मात्र पिस्टन आणि क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे क्रँकच्या दुप्पट वेगाने येणारी एक बारीक थरथर असते ती या शाफ्टने जात नाही, आणि आरपीएम दुप्पट झाले की हे झटके चौपट होतात. म्हणजे कुठलीही सिंगल सिलिंडर पार वरच्या आरपीएमला अगदी लोण्यासारखी असेल अशी अपेक्षाच ठेवू नका.

प्रत्यक्षात सांगायचं तर टॉप गिअरमध्ये ७० ते ९० हा या गाडीचा खरा इलाका आहे. हँडल शांत, टाकीला गुडघे टेकवले तर हलकीशी धडधड जाणवते पण ती सुखाची, आणि आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते! खंबाटकी घाट चढताना खालच्या गिअरवर जरा ताणली तरी हाताला त्रास नाही. १०० च्या पुढे फूटरेस्टवर बारीक झिणझिण येते, जाड तळाचे बूट असतील तर तेवढी पण कळणार नाही. धप-धप आणि झिणझिण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. लोक धप-धपीला घाबरतात, पण हात बधिर करते ती झिणझिण.

एक गोष्ट आवर्जून. हँडलच्या दोन्ही टोकांना जी लोखंडी वजनं असतात ती शोसाठी नाहीत, हँडलची थरथर कमी करायलाच आहेत. माझ्या भाच्याला एका ॲक्सेसरीजवाल्याने टोकाला लावायचे आरसे बसवून दिले आणि ती वजनं काढून पिशवीत घालून हातात दिली, वर सांगितलं की काही फरक पडत नाही. फरक पडला, लगेच पडला, ग्रिप गुणगुणायला लागली. वजनं परत बसवली, त्रास संपला. अशा दुकानदारांचा मला खरंच राग येतो, गिऱ्हाईकाला विचारायचं तरी.

सीटबद्दल. बसणं एकदम सरळ आहे, हातावर भार येत नाही म्हणून मनगटं खूश, पण त्याच कारणाने सगळा भार माकडहाडावर, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट कमरेत. हा दणका रस्त्याचा आहे, इंजिनाचा नाही, पण लोक दोन्ही एकत्र करून "गाडी व्हायब्रेट होते" म्हणतात. मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) सहा स्टेप आहेत, एकटे असाल तर कमी ठेवा, मागे कोणी असेल तर वाढवा. आमच्या हिला मागे बसून पूर्वी पायाला मुंग्या यायच्या, आता त्याबद्दल एक अक्षर नाही, तिची मागणी फक्त पाठीला टेका हवा एवढीच.

आणि हो, होंडाच्या सीबी ३५० मध्येही बॅलन्सर आहे, माझ्या मते ती हाताला आणखी मऊ लागते, पण मला ही बसायला जास्त आवडली. दोन्ही एकाच दिवशी चालवा, लागोपाठ. शोरूमभोवती एक चक्कर मारून काहीच कळत नाही, मोकळा रस्ता बघून ८० ला पंधरा मिनिटं एकसारखी धरा, थांबा, ग्लोव्हज काढा आणि करंगळी नीट वाकते का बघा. एवढा वेळ द्यायला शोरूमवाला तयार नसेल तर दुसऱ्या शोरूमला जा, पैसे आपले आहेत.