सुट्या तळाचे टार्टचे साचे : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फळांचे छोटे टार्ट, म्हणजे भाजलेल्या खुसखुशीत पारीत कस्टर्ड आणि फळे भरलेला गोड पदार्थ, घरी करता यावेत म्हणून मी कार्बन स्टीलचे, न चिकटणारा काळा लेप दिलेले, सुट्या तळाचे सहा साचे मागवले होते. वरचा व्यास १० सेंटिमीटर, खोली २ सेंटिमीटर आणि कड चुणीदार, असे त्यांचे स्वरूप आहे. आंब्याच्या हंगामापासून गणेश चवथीच्या पुढपर्यंत ते नियमित वापरात राहिले, त्यामुळे गोव्यातला मे महिन्याचा उकाडा आणि पूर्ण पावसाळा, दोन्हींतून ते गेले आहेत. भाजणीच्या बाबतीत हे साचे उत्तम आहेत. गंजाच्या बाबतीत मात्र त्यांना सतत सांभाळावे लागते. विक्रेत्यांच्या वर्णनात पहिल्या गोष्टीविषयी भरपूर लिहिलेले असते आणि दुसरीविषयी एक अक्षरही नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एकच मोठा टार्ट करण्याऐवजी प्रत्येकाचा वेगळा का करावा, हा प्रश्न आमच्या घरीही विचारला गेला. मोठा टार्ट कापताना पारी तडकते आणि कस्टर्ड सुरीबरोबर बाहेर येते. छोट्यात तो प्रकारच उरत नाही. शिवाय एका घाण्यात चार आंब्याचे आणि दोन अननसाचे करता येतात, आणि शेजारी द्यायचे झाल्यास अर्धवट कापलेला तुकडा पाठवावा लागत नाही. तोटा एवढाच की पारी बसवण्याचे काम सहापट होते.

या मापाच्या एका साच्याला साधारण ३ मिलिमीटर जाडीची पारी लाटल्यास ४५ ते ५० ग्रॅम पीठ लागते. सहा साच्यांसाठी १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम बटर, ४० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा पिवळा बलक आणि लागेल तसे चमचाभर गार पाणी, हे प्रमाण मला बरोबर पुरते. बटर मिठाचे असेल तर वेगळे मीठ घालू नये. खरी अडचण प्रमाणाची नसून तापमानाची आहे. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते आणि मे महिन्यात फोंड्यातील स्वयंपाकघर दुपारी सहज तेवढे तापते. मैद्याच्या कणांभोवती बटर घट्ट राहिले तर पारी खुसखुशीत होते. ते वितळून मैद्यात मुरले तर पीठ तेलकट होते, लाटताना फाटते आणि भाजल्यावर कडक लागते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, मैदासुद्धा फ्रिजमध्ये गार करून, हाताचा कमीत कमी स्पर्श होईल अशा रीतीने करावे. जाड प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटल्यास वरून मैदा भुरभुरावा लागत नाही आणि पीठ चिकटू लागले की तसेच उचलून फ्रिजमध्ये ठेवता येते.

पारी साच्यात बसवताना ती ओढून ताणू नये. ताणलेला मैदा भट्टीत, म्हणजे ओटीजी या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये गेल्यावर पुन्हा आखडतो आणि कड खाली घसरते. पीठ मळल्यावर अर्धा तास आणि साच्यात बसवल्यावर पुन्हा पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवल्यास हा प्रकार जवळजवळ थांबतो. तळाला काट्याने टोचे मारून, बटर पेपर चुरगळून मऊ करून आत बसवावा आणि वर वजनासाठी धान्य भरावे. राजमा किंवा छोले यासाठी सर्रास सुचवले जातात. पण एवढ्या लहान आणि चुणीदार साच्यात ते कडेपर्यंत पोहोचत नाहीत. तांदूळ पोहोचतात. आमच्याकडे उकडे तांदूळ नेहमीच असतात, तेच मी वापरतो आणि त्यांना करपट वास येऊ लागला की बदलतो. १८० अंशांवर वजनासह पंधरा मिनिटे आणि वजन काढून आणखी आठ ते दहा मिनिटे, हा वेळ चमकदार अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांसाठी ठीक आहे. काळा पृष्ठभाग उष्णता अधिक शोषतो, त्यामुळे या साच्यांत कड लवकर तांबूस होते आणि मधला भाग मागे राहतो. तापमान १७० वर आणून, ट्रे खालच्या खाचेत ठेवून भाजले असता दोन्ही भाग एकाच वेळी तयार झाले. साचे जाळीवर न ठेवता ट्रेवरच ठेवावेत, कारण सुट्या तळाच्या फटीतून थोडे बटर गळते आणि खालच्या रॉडवर पडले की घरभर धूर होतो.

सुटा तळ ही या साच्यांची सर्वांत मोठी सोय आहे आणि ती शेवटपर्यंत टिकली. पारी निवल्यावर साचा एका अरुंद, उपड्या पेल्यावर ठेवावा. कड आपोआप खाली उतरते आणि टार्ट पेल्यावर राहतो. तळाची चकती काढण्यासाठी पातळ उलथन्याची गरज पडते, पण घाई असेल तर चकतीसकट वाढले तरी बिघडत नाही. चुणीदार कड एकदाही साच्यात अडकून मोडली नाही. कडेला लावण्यापुरते बटर पहिल्या काही घाण्यांत लावले होते. नंतर ते बंद केले तरी फरक पडला नाही.

आता ओलाव्याकडे येतो. जूनपासून भाजलेली पारी उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत सादळते. घट्ट झाकणाच्या डब्यातही ती दुसऱ्या दिवशी थोडी नरम लागते. १५० अंशांवर पाच मिनिटे गरम करून निववली की पुन्हा खुसखुशीत होते, त्यामुळे पाऱ्या आदल्या दिवशी करून ठेवण्यास हरकत नाही. भरलेला टार्ट मात्र तीन-चार तासांत खावा. कस्टर्ड आणि पारी यांच्यामध्ये काहीतरी आडकाठी लागते. गरम पारीला आतून अंड्याचा पांढरा बलक पुसटसा लावून दोन मिनिटे पुन्हा भाजणे हा सर्वांत स्वस्त उपाय. वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा हात फिरवणे अधिक भरवशाचे, पण त्याने गोडी वाढते. मी चॉकलेटमध्ये थोडे खाण्यायोग्य शुद्ध भिरंडेलही मिसळून पाहिले. कोकमाच्या बियांचे हे तेल आपल्या हवेत घट्ट राहते, त्यामुळे थर चांगला बसला. मात्र प्रमाण जरा जास्त झाले की ते जिभेवर मेणासारखे रेंगाळते, कारण अंगाच्या उष्णतेला ते चटकन वितळत नाही.

कस्टर्डसाठी ३०० मिलिलिटर दूध, तीन पिवळे बलक, ५० ग्रॅम साखर आणि २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरते. घट्ट होताच गॅस बंद करण्याचा मोह टाळावा आणि बुडबुडे येऊ लागल्यावर ढवळत आणखी एक मिनिट उकळावे. बलकात स्टार्च मोडणारे एक एन्झाइम असते. ते उकळीने निष्क्रिय झाले नाही तर रात्री घट्ट दिसलेले कस्टर्ड सकाळी पातळ होते. सोमवारी, श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत आमच्याकडे अंडे चालत नाही. तेव्हा पारीत बलकाऐवजी चमचाभर गार दूध घालतो आणि सारणाला कस्टर्ड पावडर वापरतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड याने ती १८३७ मध्ये अंडी न चालणाऱ्या आपल्या पत्नीसाठीच तयार केली होती, त्यामुळे हा काही कमी प्रतीचा पर्याय समजण्याचे कारण नाही.

फळांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. गोव्याच्या मानकुराद आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या कितीतरी आधीपासून गोमंतकीयांनी त्याच्या श्रेष्ठत्वाचा निकाल देऊन ठेवलेला आहे. हंगामाच्या सुरुवातीला त्याचा भाव डझनाला हजारांत असतो, तेव्हा तो कापून कस्टर्डवर मांडणे ही चैनच. मेच्या मध्यावर भाव उतरले की करावे. रेषा नसल्यामुळे त्याचे पातळ काप स्वच्छ निघतात, मात्र रस फार असतो, म्हणून काप दहा मिनिटे कागदी रुमालावर पसरून मगच मांडावेत. फोंडा तालुक्यातील सावईवेऱ्याकडचा अननस चवीला उत्तम, पण तो कच्चा वापरल्यास वरची चकाकी जिलेटिनची असू नये. अननसातील ब्रोमेलेन जिलेटिनची प्रथिने तोडते आणि जेली घट्ट होतच नाही. पपई आणि किवी यांचेही तसेच. अननस साखरेत पाच मिनिटे शिजवून घ्यावा किंवा समुद्री शेवाळापासूनचे अगर-अगर वापरावे. पाश्चात्त्य पाककृतींत चकाकीसाठी जर्दाळूचा जॅम सांगितलेला असतो. मी पेरूची स्वच्छ जेली थोड्या पाण्यात पातळ करून ब्रशने लावतो, आणि आंब्यावर तरी ती जर्दाळूपेक्षा अधिक शोभते असे माझे स्पष्ट मत आहे. चिकू मात्र टार्टवर दिसायला मळकट होतो. तो सोडून द्यावा.

पावसाळ्यात चांगली फळे कमी असतात, तेव्हा याच साच्यांत काजूचे सारण भाजणे मला सर्वांत फलदायी वाटले. बदामाऐवजी तुकडा काजू घ्यावा. अख्ख्या काजूपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. १०० ग्रॅम काजू, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बटर, दोन अंडी आणि चमचाभर मैदा, असे समप्रमाण. काजू साखरेबरोबरच आणि मिक्सर थांबवत-थांबवत दळावेत, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. अर्धवट भाजलेल्या पारीत हे सारण निम्म्याच्या थोडे वर भरून, त्यात अननसाच्या किंवा केळ्याच्या फोडी खोचून वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. सारण भाजलेले असल्यामुळे पारी नरम पडत नाही आणि टार्ट दुसऱ्या दिवशीही चांगला राहतो. उरलेले सारण फ्रिजमध्ये टिकते. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, खोबऱ्याचेही तसेच करून पाहिले, पण ते कोरडे झाले.

गंजाची पहिली खूण जुलैत दिसली. तळाच्या चकतीची कडा आणि साच्याची आत वळलेली पट्टी जिथे घासतात, तिथला लेप आधी झिजतो, आणि नेमके तिथेच धुतल्यावर पाणी साचते. सहापैकी दोन साच्यांवर तांबूस ठिपके आले. त्यानंतर एक नियम केला. धुऊन, फडक्याने पुसून, चकत्या वेगळ्या करून साचे बंद केलेल्या पण अजून कोमट असलेल्या ओटीजीत दहा मिनिटे ठेवायचे आणि मगच कपाटात, प्रत्येकामध्ये कागद घालून. गंज पुढे वाढला नाही. तेलाचा हात लावून ठेवण्याचा सल्ला घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिला होता. बिडाच्या तव्याला तो लागू आहे, इथे लेपावर तेलाचा चिकट थर बसतो. तारेची घासणी अर्थातच वर्ज्य, आणि साच्यातच सुरी चालवणेही.

पर्याय म्हणून भांड्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या, अखंड तळाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्या आहेत. त्या गंजत नाहीत आणि किंमतही कमी. पण पारी उलटी करून काढावी लागते आणि अननसासारखे आंबट सारण त्यात ठेवून देता येत नाही. छिद्रांची, तळ नसलेली स्टेनलेस स्टीलची गोल कडी (रिंग) हा तिसरा प्रकार एका परिचितांकडे वापरला. सच्छिद्र सिलिकॉन मॅटवर ठेवल्यास वाफ बाजूने आणि खालून निघून जाते, तांदूळ भरण्याचीही गरज राहत नाही, आणि गंजाची चिंता बरीच मिटते. किंमत मात्र बरीच जास्त आहे आणि चुणीदार कड मिळत नाही. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी, जिथे हवेत मीठही असते, तो खर्च करावा असे मी म्हणेन. आमच्यासारख्या आतल्या भागात कार्बन स्टील पुरेसे आहे.

बाराचा संच स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. ३० लिटरच्या ओटीजीतील ट्रेवर हवा खेळती ठेवून सहाच साचे नीट बसतात. पार्सल आल्यावर प्रत्येक साचा ओट्यावर ठेवून त्याची चकती सपाट बसते का, हे त्याच दिवशी पाहावे. माझ्या संचातील एक चकती डुगडुगत होती, आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ते लक्षात आल्यामुळेच ती बदलून मिळाली.