एलके कीबोर्डचे दिवे आणि सिंथेसिया: जोडी जमते, फक्त चॅनेल जुळवावा लागतो

पट्टीखाली दिवा लागणारा कीबोर्ड घेतला की शिकवणारं कुठलंही ॲप ते दिवे लावेल, असं दुकानात बिनधास्त सांगितलं जातं. तसं होत नाही. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे घरात पेटी असते आणि मुलांसाठी कीबोर्ड घ्यायचा असतो, अशा घरांना कॅसिओची एलके मालिका (पट्ट्यांखाली दिवे असलेले कीबोर्ड) आणि सिंथेसिया (पडद्यावर स्वर दाखवून वाजवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) ही जोडी आम्ही खुशाल घ्या म्हणून सांगू. मात्र दिवे कशामुळे लागतात, हे आधी कळलेलं बरं.

दिव्यासाठी वेगळी काही आज्ञा लागत नाही. ‘हा स्वर दाबला’ असं सांगणारा मिडीचा (वाद्य आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा) साधा संदेशच दिवा लावतो. त्यात तीन गोष्टी असतात: १६ पैकी कोणता चॅनेल (संदेश जातो ती वाट), स्वराचा क्रमांक (मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०) आणि दाबाचा जोर. एलके कीबोर्ड दिव्यांसाठी ठरावीक चॅनेलकडेच बघतो. कॅसिओ त्याला नॅव्हिगेट चॅनेल म्हणतं. जुन्या बऱ्याच एलके मॉडेलांत तो कारखान्यातूनच ४ वर असतो आणि डाव्या हातासाठी त्याच्या अलीकडचा ३ धरला जातो. सॉफ्टवेअर १ नंबरवर पाठवत बसलं तर आवाज येतो, पण दिवा लागत नाही. ‘कीबोर्ड खराब निघाला’ म्हणून परत आलेल्या कीबोर्डांत ही भानगड हमखास सापडते.

जुळवणी अशी करा. कीबोर्ड बंद ठेवून केबल लावा, मग कीबोर्ड चालू करा आणि शेवटी सिंथेसिया उघडा. सेटिंगमध्ये संगीत उपकरणांच्या यादीत कीबोर्डचं नाव दोनदा दिसायला हवं, एकदा इनपुटला आणि एकदा आउटपुटला. नवखा माणूस इनपुट जोडून थांबतो, पण दिव्यांचा संदेश आउटपुटमधून जातो. आउटपुटवर क्लिक करून ‘की लाइट्स’च्या यादीतून कीबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला नॅव्हिगेट चॅनेल निवडा. एक सोपं गाणं लावून सॉफ्टवेअर तुमच्यासाठी थांबेल असा सराव सुरू करा. पुढची पट्टी उजळून तशीच राहिली आणि दाबल्यावर विझली, तर काम झालं.

दिवा विझतच नसेल तर ‘स्वर सोडला’ हा संदेश वाटेत हरवलाय असं समजा. गाणं मध्येच थांबवल्यावर किंवा केबल हलल्यावर असं होतं. कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला की दिवे मोकळे होतात.

केबलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. २०१९ साली आलेल्या एलके-एस२५० ला जुन्या मोबाईलसारखी मायक्रो यूएसबी पिन लागते, जुन्या एलकेंना प्रिंटरची चौकोनी. मोबाईलच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त मायक्रो केबलमध्ये बरेचदा चार्जिंगच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. त्यातून कीबोर्ड लॅपटॉपला कधीच दिसणार नाही. केबल घेताना तिथंच फोन लॅपटॉपला लावून फोटो उघडतात का बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

अँड्रॉइडवर यूएसबी मिडी ६.० आवृत्तीपासून चालतं, पण ओटीजी जोडणी (फोनला दुसरं यूएसबी उपकरण लावायची सोय) लागते. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागतं आणि थोडा वेळ काही हालचाल नसली की ते आपोआप बंद होतं. रियाज मध्येच थांबून दिवे गेले तर आधी तिथं बघा.

दुसरी नेहमीची तक्रार आवाजाची. पट्टी दाबली की कीबोर्ड स्वतः वाजतो, शिवाय सॉफ्टवेअर तोच स्वर परत पाठवतं. दोन्ही आवाज काही मिलिसेकंदांनी मागेपुढे होतात आणि स्वर नाकातून आल्यासारखा पोकळ लागतो. कीबोर्डचा लोकल कंट्रोल (पट्टी दाबली की कीबोर्ड स्वतः वाजतो ती सेटिंग) बंद करा किंवा सॉफ्टवेअरकडून परत येणारा तुमचा स्वर बंद करा. दोन्ही बंद केले तर काहीच ऐकू येणार नाही. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूं घूं येत असेल तर तो दोष ना कीबोर्डचा, ना सॉफ्टवेअरचा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हे वाढतं. लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि खड्ड्यात पाणी घाला.

वीज गेली की बऱ्याच मॉडेलांत बदललेल्या सेटिंग मूळपदावर येतात. एलके-एस२५० सहा एए सेलवरही चालतो, त्यामुळे भारनियमनाच्या वेळेत सेल घालूनच बसावं.

आता मर्यादा. दिवे एकाच रंगाचे, लाल. उजवा हात कोणता, डावा कोणता, हे पट्टीवर कळत नाही, त्यामुळे सुरुवातीला एकेकच हात घ्या. मे महिन्यात दुपारी ओसरीवर बसलात तर पांढऱ्या पट्टीखालचा दिवा लागलाय की नाही हेच दिसत नाही. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ३६ ते ९६ क्रमांकांपुरताच असतो, फाइलमधला त्याबाहेरचा स्वर उजळणार कुठे?

अभंग-भजनांच्या तयार मिडी फाइली फारशा मिळत नाहीत. म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चाल लिहून मिडी काढता येते, तेही फुकट. दोन्ही हात वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, नाहीतर सिंथेसियात हात वेगळे करत बसावं लागतं. मींड मात्र दिव्यात उतरत नाही, ती कानानंच घ्यायची. काळी दोनमध्ये गायचं असेल तर कीबोर्डचा ट्रान्सपोज (सगळे स्वर वर-खाली सरकवणारी सेटिंग) शून्यावरच राहू द्या आणि फाइलचीच पट्टी (स्केल) बदला. नाहीतर बऱ्याच कीबोर्डांत दाबलेली पट्टी आणि सॉफ्टवेअरला पोचलेला क्रमांक जुळत नाही, आणि बरोबर वाजवूनही चूक दाखवली जाते.

मायक्रोफोनवर ऐकून शिकवणाऱ्या ॲपसाठी मात्र दिव्यांचे जादा पैसे घालू नका. नुसतं ऐकणाऱ्या ॲपकडून कीबोर्डला उलट संदेश जातच नाही.

घरात आधीच ८८ पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो असेल तर तो विकू नका. मीटरला १४४ दिव्यांची डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक यांवर बाहेरून दिवे बसवता येतात. दोन दिव्यांना मिळून सुमारे १३.९ मिलिमीटर जागा लागते, पियानोत एका स्वराची जागा साधारण १३.७, म्हणजे स्वरामागे दोन दिवे जवळपास बरोबर बसतात. एकूण १७६ दिवे. सगळे पूर्ण पांढरे लावले तर ५ व्होल्टवर १० अँपिअरच्या वर जातात, म्हणून चमक कमी ठेवा आणि दिव्यांना रास्पबेरी पायमधून वीज न देता वेगळा ॲडॉप्टर द्या.