बर्नलीचे माग की स्टोकच्या भट्ट्या?

इंग्लंडमधल्या जुन्या कामगारांच्या आठवणींत मला दोन गावं कायम समोरासमोर दिसतात. लँकाशायरचं बर्नली कापडाचं, स्टोक-ऑन-ट्रेंट चिनी मातीच्या भांड्यांचं.

बर्नलीच्या आठवणी कानात साठलेल्या. पहाटे खिडकीवर लांब काठीची टकटक (पैसे देऊन ठेवलेला उठवणारा!), मग दगडी रस्त्यावर लाकडी तळव्यांच्या क्लॉग्जचा खडखडाट. मागांच्या गोंगाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर बायका ओठ मोठे हलवून बोलायच्या. ही सवय घरीही सुटली नाही. पोरांनी ऐकू नये अशी गोष्ट आली की आवाज बंद, नुसते ओठ चालू. वर्षातून एकदा 'वेक्स वीक' यायचा. सगळ्या गिरण्या एकदम बंद आणि अख्खं गाव समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला, जसं आपलं गिरणगाव गणपतीला कोकणात.

स्टोकची आठवण म्हणजे धूर. बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या पेटल्या की दोरीवरचे कपडे काळे. 1956 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर त्या विझत गेल्या. 1978 मध्ये शेवटची पेटवली, तीही आठवण म्हणून. खाण्यात मात्र स्टोक पुढे: ओटच्या पिठाचं मऊ धिरडं, आत चीज आणि बेकन. आणि इथला माणूस परगावी जेवायला बसला की आधी बशी उलटी करून बनवणाऱ्याचा शिक्का बघतो.

मला विचाराल तर बर्नली. त्या मुक्या गप्पांसाठी.